मण्यांच्या जागी खिळे

माझ्या बाचं जाळं पाण्यावर पडलं की मला डोळे मिटूनही ओळखू येई. धरणाच्या काठावर सकाळी सात-आठ जण तरी जाळी फेकायला उतरलेले असत. थंडीच्या दिवसांत धुकं असं की चार हातांवरचा माणूस दिसू नये, आणि मी आपली काठच्या दगडावर गुडघ्यांत मान घालून अर्धवट झोपेत बसलेली. दुसऱ्या कुणाचं जाळं पडलं की एकदाच 'छप्प' होई आणि सगळं गप्प. बाचं पडलं की सुपात जोंधळे ओतावेत तसा आवाज गोल पसरत जाई, आणि मग बराच वेळ पाण्यावर बारीक बुडबुडे फुटत राहत. त्या बुडबुड्यांचाही आवाज येतो, हे मी आजवर कुणाला पटवून देऊ शकलेले नाही. माझ्या नवऱ्याने त्यावरून चाळीस वर्षं माझी टर उडवली. पण येतो. दुसऱ्यांच्या जाळ्यांच्या घेराला शिशाचे मणी होते आणि आमच्या जाळ्याला मायने केलेले मातीचे. भाजलेल्या मातीच्या पोटात हवा असते, ती पाण्यात शिरताना हळूहळू निघते. मी त्या आवाजावर पुन्हा झोपी जात असे, आणि बाने ओलं जाळं अंगावर झटकलं की दचकून उठत असे.

आम्ही भोई. मूळचे कयाधूच्या काठचे, नरसीजवळचे. सिद्धेश्वरचं धरण भरलं आणि त्यात मासा सोडला तेव्हा बा बिऱ्हाड घेऊन इकडे आला. मला नदीकाठचं राहणं आठवत नाही. मला आठवतं ते हे पाणी आणि पाण्यापासून हाकेच्या अंतरावर असलेलं आमचं कुडाचं घर. माझ्या पाठीवर दोन लेकरं झाली आणि गेली, त्यामुळे घरात तिघंच. बा उंच, वाकलेला, हसला की खालचे दोन दात दिसत. माय ठेंगणी आणि कमी बोलणारी. ती नाराज झाली की भांडत नसे, फक्त भाकरी थापण्याचा आवाज वाढे. कुठल्या दिवशी घरात काय चाललंय ते मला बाहेरूनच, त्या थापण्यावरून कळायचं.

मण्यांची माती मात्र माय इथली घेत नसे. इथली काळी, ती वाळली की तडकते. नरसीला माहेरी गेली की ती कयाधूच्या एका वळणावरची पिवळट माती गाठोड्यात बांधून आणी. एस.टी.त कंडक्टर विचारी, "गाठोड्यात काय हाय, मावशी?" आणि माय सांगे, "माती." कंडक्टरला वाटे म्हातारी थट्टा करून राहिली. म्हातारी कसली, तेव्हा ती तिशीची असेल. ती माती चाळून, राख मिसळून, दोन दिवस ओल्या फडक्यात झाकून ठेवायची. मग तुराटीच्या गुळगुळीत काडीला तेलाचं बोट लावायचं, तिच्याभोवती बोराएवढा गोळा दाबून वळायचा, आणि काडी अलगद ओढून घ्यायची. शेवटी प्रत्येक मण्यावर अंगठ्याच्या नखाने दोन रेघा. सावलीत वाळवून गोवऱ्यांत भाजला की मणी विटेसारखा लाल निघे आणि त्या दोन रेघा कायमच्या बसत. ती तिची खूण होती. आखाडा बाळापूरपर्यंतचे भोई मणी न्यायला येत, बदल्यात ज्वारी देत, हळद देत, आणि मणी बोटांत फिरवून रेघा आहेत ना ते बघत. "भोईणीचे मणी" म्हणत. तिचं नाव कुणी घेत नसे. बा तिला "शेवंताची माय" म्हणे, शेजारणीही तेच म्हणत. शेवंता मी.

खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी आणि मासा. लहान मासा अंबाडीच्या पानांत आंबट शिजवलेला, मोठा आला तर तो विकायला. मरळ मिळाली आणि विकली गेली नाही तर आमची दिवाळी. माय तिला ओली हळद वाटून चोळी, तव्यावर जवसाच्या तेलात परते, आणि ते तेल भाकरीला लावून बा शेवटचा घास मला देई. माघ-फाल्गुनात गावात हळद शिजवायच्या कढया लागत तेव्हा सगळ्या हवेला तो कडवट-गोड वास येई. आजही बाजारात हळदीचं पोतं फुटलेलं दिसलं की माझ्या तोंडाला मरळीची चव येते.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. धरण पुन्हा काठोकाठ भरलं आणि बाचं जाळं रिकामं यायला लागलं. मायचे मणी होते नदीसाठी. कंबरभर पाण्यात ते झटकन तळाला जात. धरणाच्या खोल पाण्यात हलकी माती सावकाश उतरे, आणि जाळ्याचा घेर तळाला टेकायच्या आत मासे खालून पसार होत. शिशाच्या जाळ्यावाल्यांच्या टोपल्या भरत. बा एका भाकरीत उठायला लागला. एके दिवशी हात धुता धुता, कुणाकडे न बघता तो म्हणाला, "शिसं लावावं लागंल."

मायने पुढची भाकरी अशी थापली की तवा हलला.

शिसं मिळत मात्र नव्हतं. बा आखाडा बाळापूरला जाऊन आला. रस्त्यावरच्या ट्रकच्या गॅरेजात मोडक्या बॅटऱ्यांच्या पाट्या मिळत, पण त्या आधीच कुणीतरी नेलेल्या. शेजारच्या एका भोयाने दया येऊन ओंजळभर शिसं दिलं, पण ते घेराला पुरेना. ते मऊ असे, बा तुकडा दोरीवर ठेवून दातांनी चावून बसवी आणि म्हणे, "गोड लागतं." मीही चाटून पाहिलंय. आता अंगावर काटा येतो.

रविवारी आमच्याकडे वाघमारे काका येत. ते हिंगोलीत एका छापखान्यात कामाला होते. बारीक अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, खिशात कायम गुळाचा खडा. छापखान्यातलं विष गुळाने उतरतं असं ते मानत. सायकलवर गळ बांधून येत, बाला "जयभीम, भाऊ" म्हणत, आणि मायकडे आमच्याच ताटात जेवत. त्यावरून गावात कुजबुज व्हायची; माय ती ऐकून त्यांना आणखी एक भाकरी वाढी. काका मरळीच्या मागे वेडे होते. मरळ मोठी शहाणी, गळ कसा पडतो यावरून माणूस ओळखते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गळाला वजन कसलं लावायचं, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. या विषयावर ते दुपारभर बोलत आणि मी चिंचेखाली पडून ऐके.

"गोटा बांधला तर निसटून जातो," ते बोटं मोडत सांगत. "सायकलचा नट लावला, तर चार दिसांत गंजून दोरी खाल्ली त्यानं. वरून दगडाला लागला की टणकन वाजतो, मरळ काय बहिरी हाय? वहिनीचा मणी लावला. लई बेस. गाळात रुतत न्हाई, पाण्याच्या रंगाचाच दिसतो. पण वारं सुटलं की माझा गळ चालला औंढ्याला!"

"मंग आता काय लावता?" बा विचारी.

"हाय एक," म्हणत काका पाठ फिरवून गळ बांधत. गळ टाकणारी माणसं आपलं गुपित सख्ख्या भावाला सांगत नाहीत. माझा नातू पुण्याहून येतो तेव्हा त्याच्या पेटीत वजनांचे कप्पे असतात, टंगस्टनची, पितळेची, कसल्याकसल्या रंगांची. तो म्हणतो, "आजी, शिसं आता चांगलं समजत नाहीत." ते सगळं तो मला दाखवतो, पण मित्र आले की पेटी बंद करतो. तेव्हा मला काकांची पाठ दिसते.

बा शिशासाठी वणवण फिरून राहिला हे कळल्यावर मात्र काकांना राहवलं नाही. जेवता जेवता म्हणाले, "भाऊ, कशाला तकलीफ घेता? आमच्या छापखान्यात अर्धं पोतं खिळे पडून हायत. घासलेले हायत, कामाचे न्हाईत. मालकाला दोन मरळी द्या आन् घेऊन जा."

"खिळे?" बा म्हणाला.

"व्हय, खिळे. मी गळाला तेच लावतो. तुमच्या जाळ्याला एकदम बराबर."

बाने मान खाली घालून भाकरी संपवली. काका सायकलवर बसून दिसेनासे झाल्यावर त्याचा स्फोट झाला. "मला खिळे लाव म्हणतो! जाळं हाय का दार हाय? गरिबाची चेष्टा करून राहिला!"

"बराबर हाय," माय शांतपणे म्हणाली, "खिळ्यानं दोरी कुजंल." आणि त्या संध्याकाळी बाच्या चटणीवर तिने न मागता दुसऱ्यांदा तेल सोडलं. तिला इतक्या खुशीत मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. पुढचे तीन रविवार बा काका यायच्या वेळेला मुद्दाम पाण्यावर जाऊ लागला. मी शाळेत जाणारी शहाणी मुलगी, पण मलाही खिळा म्हणजे भिंतीतला, एवढंच माहीत होतं.

चौथ्या रविवारी काकांचा गळ काठच्या बाभळीच्या मुळांत अडकला. "शेवंते, बग गं जरा," म्हणाले. मी पाण्यात उतरले, मुळांत हात घातला, आणि दोरीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी चौकोनी कांडी हाताला लागली. जड, गार. तिच्या अंगाला बारीक खाच होती आणि त्या खाचेत दोरी पक्की बसली होती. टोकावर काहीतरी कोरलेलं. मी कांडी उन्हात धरली. ओळखीचं वाटत होतं, पण वाचता येत नव्हतं. बघता बघता लक्षात आलं, तो 'ध' होता, तोंड फिरवून बसलेला.

"हा खिळा?" मी विचारलं.

"मंग दुसरा कोणता? छपाईचा खिळा. एकेका अक्षराचा एकेक. मी रोज हजारभर जुळवतो." काका माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्याही डोक्यात उजेड पडला. "आन् भाऊला वाटलं... अरारा! म्हणून काय तोंड चुकवून राहिले?" ते इतके हसले की चष्मा पाण्यात पडता पडता राहिला.

मी ओल्या परकराने घराकडे पळत सुटले. बा दारात बसला होता, माय आत मणी वळत होती. "बा, खिळा म्हंजी लोखंड न्हाई! खिळा म्हंजी शिसं! अक्षराचं शिसं!" बाने एकदा माझ्याकडे आणि एकदा कांडीकडे पाहिलं आणि खालचे दोन दात दिसले. मी कौतुकाच्या अपेक्षेने मायकडे वळले. तिच्या हातातली तुराटी अर्ध्या मण्यात तशीच थांबली होती. ती माझ्यावर रागावली नाही. काडी ओढून घेतली, नखाने दोन रेघा ओढल्या, मणी इतर मण्यांच्या ओळीत ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं." तेवढंच. तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले होते. ज्या गोष्टीमुळे बाळापूरपर्यंत तिला ओळखत होते ती गोष्ट मी, तिच्या एकुलत्या एका पोरीने, पळत येऊन बंद पाडली होती. त्या रात्री मी जेवले नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी बा मला घेऊन हिंगोलीला गेला. अक्षरांचा मामला म्हणून पोरगी सोबत. गोणपाटात गुंडाळलेल्या दोन मरळी त्याच्या मांडीवर. छापखाना म्हणजे एका गल्लीतली लांबट खोली. आत शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि यंत्राचा खटखट आवाज, जो जरा वेळाने ऐकूच येईनासा होई. काका छोट्या छोट्या कप्प्यांच्या लाकडी पेट्यांपुढे उभे होते. त्यांचा हात न बघता कप्प्यात जाई आणि अक्षर घेऊन येई. त्यांना खाच लागली की कळे, अक्षर सुलटं आहे. मी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न करत राहिले. सगळं उलटं, उजवीकडून डावीकडे, तोंड फिरवलेलं.

"कागदावर पडलं की सुलटं होतंय," काका म्हणाले. "तुला काय बनवून देऊ? तुझं नाव?"

मी म्हणाले, "माझं नको. मायचं."

"काय नाव वहिनीचं?"

आणि मला सांगता येईना. मी बाकडे पाहिलं. बा लाजला, मिशीवरून हात फिरवला आणि यंत्राकडे बघायला लागला; बायकोचं नाव तो चारचौघांत घेणार नव्हता. मला आठवावं लागलं, की नरसीच्या मामाच्या अंगणात एकदा कुणीतरी आतून हाक मारली होती आणि माय लहान पोरीसारखी उठून गेली होती. "कमळ," मी म्हणाले.

लग्नपत्रिकेच्या मथळ्याचे मोठे घासलेले खिळे होते. काकांनी त्यांतून तीन निवडले, शेजारी शेजारी उभे केले आणि दोऱ्याचे पाचसहा वेढे देऊन घट्ट बांधले. हे लिहिताना तो जुडगा माझ्या टेबलावर आहे. दोरा मात्र दोनदा बदलला.

खिळ्यांचं पोतं घेऊन घरी आल्यावर बाने दुसऱ्याच दिवशी कामाला हात घातला. मायने चूल दिली नाही. "माझ्या चुलीवर अन्न शिजतं," म्हणाली. आज मला ती त्या घरातली सर्वांत शहाणी वाटते. बाने अंगणात तीन दगड मांडले, लोखंडी पळी ठेवली, आणि जाळ्याचे मातीचे मणी एकेक कापून टोपलीत टाकले. मग खिळे पळीत गेले. मी बघत होते. 'र' वितळला, 'स्त्री' वितळली, 'श्री' सगळ्यात शेवटपर्यंत उभी राहिली, मग तीही बसली. बाने तो रस विटेच्या खाचेत ओतला, पट्ट्या केल्या, तुकडे तोडले, तुकडा दोरीवर वाकवून हातोडीने ठोकला. 'कट्' आवाज झाला आणि तुकड्याचे दोन तुकडे झाले. दुसरा ठोकला. कट्. तिसरा दातांत धरून पाहिला आणि गाल धरून बसला. काकांनी पुढे सांगितलं, की खिळ्यात दुसरे धातू मिसळून तो मुद्दाम टणक केलेला असतो. मऊ असता तर पहिल्याच पत्रिकेला त्याचं नाक चपटं झालं असतं. पण ते पुढे. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की मातीचे मणी कापून झाले होते आणि शिशाचे बसत नव्हते.

आठवडाभर ते जाळं मण्यांशिवाय लिंबाला टांगलेलं होतं. वाऱ्याने फुगायचं आणि रिकामंच खाली यायचं. बा रोज दोन तुकडे फोडी आणि उठून पाण्याकडे बघत बसे. भाकरी, चटणी, भाकरी, चटणी. मातीच्या मण्यांची टोपली दाराशी तशीच पडली होती. माय तिला ओलांडून जाई, पण उचलत नसे. मणी परत बांधा असंही ती म्हणाली नाही. तिने बाला मागे ओढलं असतं तर ओढला गेला असता, एवढा तो खचला होता. ती बोलत नाही याचं मला जास्त भय वाटे.

जुडगा माझ्या दप्तरात होता. द्यायचा धीर होत नव्हता. एका दुपारी बा झोपला होता, बाहेर ऊन पांढरं झालेलं, पाण्यावर एक पाणकोंबडी ओरडत होती. माय नेहमीच्या जागी बसून, कुणासाठी कोण जाणे, माती मळत होती. सवयच होती हाताला. मी तिच्यापुढे जुडगा ठेवला.

"हे काय वं?"

"तुझं नाव."

"माझं?" ती हसली. "ह्याच्यात कसं काय मावलं?"

मी तिच्याकडून एक ओला मणी घेतला, जरा चपटा केला आणि जुडगा त्यावर दाबला. उचलला. मातीत तीन अक्षरं उमटली, सुलटी, कोरीव. मी बोट ठेवून वाचलं, "क. म. ळ."

"परत वाच."

"कमळ."

"अजून."

तिने माझ्याकडून ते किती वेळा वाचून घेतलं ते आठवत नाही. मधे ती म्हणाली, "माझी माय मेल्यापासून मला ह्या नावानं कुणी हाक मारली न्हाई." सांगताना तिच्या आवाजात काही फरक पडला नाही, पण मला रडू कोसळलं. मी म्हणाले, "माझ्यामुळं तुझे मणी गेले." तिने मातीचा हात माझ्या गालाला लावला. "येडी हायस का? पाणी खोल झालं, त्याला तू काय करशील?" मग तो नावाचा मणी तळहातावर घेऊन ती बराच वेळ बसली. उन्हाची तिरीप तिच्या पायांवरून भिंतीवर सरकली तरी ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा हातोडी घेऊन बसला, तर माय तिथे जाऊन उभी राहिली. "ठोकू नका," म्हणाली. "मणी कधी ठोकून होतो का? मणी काडीवर होतो."

तिने ओल्या मातीच्या दोन जाड चकत्या केल्या. आपला भाजका मणी त्यांच्या मधे दाबला आणि काढून घेतला. दोन्हींत अर्धा अर्धा मणी उमटला; वरच्या कडेला ओतायला खाच ठेवली. अशा दहा जोड्या करून तिने त्या वाळवल्या आणि गोवऱ्यांत भाजल्या. बाला घाई झाली होती. "वल्यातच वततो," म्हणाला, तर तिने पळी धरली: "वल्यात वतलं तर उडून डोळे जातील." मग सायकलचा आरा घेतला, दिव्याच्या काजळीने माखला, दोन चकत्यांमधे आडवा बसवला आणि म्हणाली, "आता वता." बाने ओतलं. थंड झाल्यावर आरा ओढला, चकत्या उघडल्या, आणि आत एक चकचकीत, भोक पडलेला गोल मणी. बाने तो दोरीत ओवला. ठोकायची गरजच नव्हती. त्याने मणी बोटांत फिरवला आणि थांबला. मग माझ्यापुढे धरला. शिशाच्या अंगावर नखाच्या दोन रेघा होत्या.

पुढे कितीतरी भोई त्या चकत्या मागायला आले. मायने हवी तेवढी ज्वारी घेऊन त्या दिल्या. पण आमच्या जाळ्यात, सगळ्या शिशाच्या मण्यांमधे, तिने एक मातीचा मणी ओवला. नावाचा.

"एका मण्यानं काय व्हतंय?" बा म्हणाला.

"असू द्या. तुमाला काय जड झाला का?"

मग बाचंही जाळं 'छप्प' असंच पडायला लागलं. मासे मिळायला लागले, बा पुन्हा तिसरी भाकरी मागू लागला. मी मात्र दगडावर बसून वाट बघे. सगळं गप्प झालं की मागून, एकाच जागी, बुडबुड्यांची एक बारीक ओळ वर येई. कुणाला ऐकू येत नसे. वर्षभराने एका सकाळी ती आली नाही. जाळं ओढून पाहिलं, तर तेवढी एक जागा मोकळी होती. मणी कुठल्या तरी खडकाला लागून फुटला होता. माय म्हणाली, "जाऊ दे, पाण्याचंच व्हतं." नवा करू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाली. जुडगा तिने माझ्याकडून मागून घेतला आणि लुगड्यांच्या पेटीत ठेवला. त्याचं ती काय करते ते मी कधी पाहिलं नाही. दुपारी कधी कधी दाराशी राखेत बोटाने काहीतरी रेघोट्या मारत बसलेली दिसे, आणि मी आले की हाताने राख सारखी करी.

सातवी झाल्यावर पुढची शाळा हिंगोलीला, मुलींच्या वसतिगृहात राहून. बाला ऐन मोसमात पाणी सोडवेना, म्हणून माय माझ्याबरोबर आली, नवं लुगडं नेसून, जुडगा घरीच पेटीत ठेवून. टेबलामागच्या कारकुनाने फॉर्म भरला आणि सवयीने शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला. "इथं अंगठा, बाई."

"अंगठा न्हाई," माय म्हणाली. "सही करते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने टाक मण्याच्या काडीसारखा चिमटीत धरला आणि कागदावर वाकली. उजवीकडून सुरुवात केली. किती वेळ लागला! मागे उभी असलेली माणसं चुळबुळ करायला लागली. शेवटी वरची रेघ ओढून तिने मान वर केली. कारकुनाने कागद पाहिला, फिरवून पाहिला, आणि मोठ्याने हसला. "हे काय काढलंय? कुठली भाषा ही? बाई, अंगठाच द्या." मागचेही हसले. मायचा हात आपोआप पॅडकडे गेला.

मी टेबलावरून फॉर्म ओढून घेतला. राग आला की माझे कान तापतात, ते आजही तापतात. मी पाहिलं आणि मला सगळं समजलं. मातीतलं सुलटं नाव पाण्यात गेलं होतं. तिच्याजवळ उरलं होतं ते खिळ्यांवरचं. तेच तिने राखेत गिरवलं होतं, वर्षभर, जसं दिसलं तसं. तीन अक्षरं, एकही कुठे चुकलेलं नाही, सगळी तोंड फिरवून बसलेली. मी कागद पालथा केला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. शाई पातळ कागदातून आरपार दिसत होती.

"वाचा," मी कारकुनाला म्हणाले.

त्याने वाचलं. तोंडातल्या तोंडात, पण मला ऐकू आलं. मग त्याने शाईच्या पॅडचं झाकण लावलं, फॉर्म घेतला आणि त्यावर शिक्का मारला.

बाहेर आल्यावर माय फाटकापाशी थांबली. पदराने बोटांची शाई पुसत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "शेवंते, चुकलं का वं माझं?"

"न्हाई, माय," मी म्हणाले. "कागदच उलटा होता."